तिनं बांधलेला फ्लॉवर

दुष्काळ सरला त्या हिवाळ्यात शुक्रवार पेठेतल्या आमच्या परसात मोरीच्या पाण्यावर फ्लॉवरचं एकच रोप जगलं होतं. सूतगिरणीत कामाला जाणारी एक बाई रोज बुटक्या भिंतीवरून ते बघायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गड्डा धरल्यावर एके सकाळी तिनं वाकून पानं त्याच्यावर ओढली आणि कमरेला खोचलेल्या लाल सुतानं बांधून टाकली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"ऊन लागलं की पिवळा पडतोय. मी सोडंपर्यंत हात लावू नका."

त्यानंतर ती आलीच नाही. फ्लॉवर आमचा, गाठ तिची. सासूबाई म्हणायच्या, "काप की आता." मी विळा घेऊन जायची आणि तशीच परत यायची. का, ते मलाही सांगता येईना. ऊन तापलं, पानं फाकली आणि आतून पिवळ्या फुलांचे तुरे वर आले.

मग एक दिवस ती भिंतीशी उभी. "माज्यासाठी ठिवला व्हय?"

तिनं गाठ सोडली, सूत कमरेला खोचलं, एक तुरा मोडून अंबाड्यात घातला आणि गिरणीकडे निघाली. भाजी गेली म्हणून हळहळायचं सोडून मी वळणापर्यंत तिचा अंबाडा बघत राहिले.