दगडाच्या लाह्या

लाहीमामांना भुवया नव्हत्या. पापण्यांचे केसही नावापुरतेच. त्यामुळे ते कायम कशाचे तरी नवल करत आहेत असे वाटे, आणि नवल करणाऱ्या माणसाकडे लोक आपोआप बघतात. खरे कारण साधे होते. मुंबईच्या एका कारखान्यात भट्टीच्या झरोक्यातून जाळाचा रंग पाहण्याचे काम त्यांनी अर्धे आयुष्य केले होते. वाडीतल्या लोकांचे कारण वेगळे होते. ते म्हणत, "मामाच्या भुवया खोटं बोलून बोलून जळाल्या."

ही वाडी सेनगाव तालुक्यात, ओढ्यापलीकडे. मामांच्या बहिणीला, सखूअक्कांना, तिथे दिलेले. मामा दर उन्हाळ्यात रजा घेऊन बहिणीकडे येत, म्हणून ते सगळ्या वाडीचेच मामा. ओढ्याअलीकडे, सडकेवरच्या गावात सरकारी दवाखान्याचे एक उपकेंद्र होते आणि तिथे मी नर्स होते. सत्तरचे दशक नुकते सुरू झाले होते. मी याद्या करून काम करणारी बाई. कोणत्या गावात कोणते लेकरू, कोणती सुई झाली, कोणती राहिली, हे मला नीट लिहिलेले लागे. त्या यादीत वाडीच्या नावापुढची जागा कोरी होती आणि ती मला रोज टोचत होती.

कारण लस थंड राहिली पाहिजे. आरोग्य केंद्रात रॉकेलवर चालणारा फ्रीज होता, हिंगोलीहून बर्फ यायचा तो लाकडाच्या भुशात, पोत्यात गुंडाळून. सडकेवरच्या गावांपुरता तो टिके. पण वाडीची वाट लांब, वर सावली नाही. पोचेपर्यंत नुसते पाणी. आमचे डॉक्टर या बाबतीत कडक. ते म्हणत, "तापलेली लस म्हणजे पाणी. पाणी टोचून आईला खोटा धीर द्यायचा नाही, सिस्टर." वाडीच्या बायांनी लेकरे घेऊन सडकेवर यावे असे ठरले होते, पण रोजाचे काम बुडवून कोण येणार? आदल्या हिवाळ्यात वाडीतली एक पोरगी घटसर्पाने गेली होती. पुष्कळ वर्षांपूर्वी मामांची एकुलती एक मुलगी, आत्याकडे आलेली असताना, याच वाडीत, याच रोगाने गेली होती. त्यानंतरच मामांनी मुंबई गाठली. हे मला अक्कांनी सांगितले. मामा स्वतः कधी बोलले नाहीत.

ते बोलत ते दगडाबद्दल. पहिल्यांदा दवाखान्यात आले ते हातावरचा भाजलेला डाग दाखवायला. मी पट्टी बांधत असताना म्हणाले, "शिस्टर, आमच्या कारखान्यात आमी दगडाच्या लाह्या फोडतो."

मी हसले नाही आणि विश्वासही ठेवला नाही. म्हटले, "कशा?"

"ज्वारीच्या कशा फोडता? पानी मारून दडपून ठेवता, मंग तापल्या वाळूत टाकता. काहून फुटते ती? पोटातल्या पान्याची वाफ व्हते, तिला भायेर याचं असते. तसंच दगडाचं. लई जुन्या काळी ज्वालामुखीतून वाहून आलेला काचेसारखा दगड हाय तो, पर्लाइट म्हनतात. थंड होता होता त्याच्या पोटात पानी अडकून बसलं. डोंगर फोडून काढतात, जहाजातून मुंबईला येते."

पुढची सगळी प्रक्रिया त्यांनी मला पट्टी संपेपर्यंत सांगितली. दगड दळून रव्यासारखा करायचा. चाळण्या लावून बारीक-जाड वेगळे करायचे. आधी नुसता शेकून घ्यायचा आणि मग उभ्या भट्टीत सरळ जाळावर सोडायचा. दाणा मऊ होतो, फुगतो, पांढराफेक पडतो आणि इतका हलका होतो की जाळाच्या हवेबरोबर वर उडतो. वरच्या नळातून तो मोठ्या पिंपात जाऊन पडतो, तिथून पोत्यात. "सारा खेळ पयल्या शेकन्याचा. पानी जास्त राह्यलं त दाना फुटून पीठ व्हते. कमी राह्यलं त गोट्याचा गोटाच." जाताना दारातून वळून म्हणाले, "कोन्ती बी गोष्ट आधी भाजून पाहावं, मंग बोलावं." हे त्यांचे आवडते वाक्य होते. लग्नाच्या स्थळापासून बैलाच्या खरेदीपर्यंत ते सगळ्याला लावत.

या लाह्यांचे करतात काय, असे वाडीने विचारले तेव्हा मामांनी उत्साहात सगळे सांगून टाकले. उंच इमारतींच्या गिलाव्यात घालतात, म्हणजे ऊन आत येत नाही. तेल, रस गाळायला वापरतात. रोपांच्या मातीत मिसळतात, मुळांना हवा मिळते. आणि सगळ्यांत मोठे काम म्हणजे, जिथे हवा थंड करून तिचे पाणी करतात तिथल्या टाक्यांच्या भोवती ह्या लाह्या भरतात. एवढे ऐकल्यावर पारावर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. आधी दगडाच्या लाह्या, आता हवेचे पाणी! त्या दिवसापासून ते लाहीमामा. पाठीमागे थापामामा.

पुढच्या उन्हाळ्यात ते पुरावा घेऊन आले. मी औषधे घेऊन हिंगोलीहून परतत होते आणि मामा त्याच एस.टी.त चढत होते. बरोबर माणसाएवढे उंच पोते.

कंडक्टरने अडवले. "बाबा, पोत्यात काय?"

"लाह्या."

"टपावर टाका. लगेज लागेल."

"उचलून त पाहा आधी."

कंडक्टरने दोन्ही हातांनी जोर लावून पोते उचलले आणि त्याच जोराने मागच्या सीटवर जाऊन बसला. पोत्याला वजनच नव्हते.

"आता बोला," मामा म्हणाले. "वजन न्हाई त भाडं कशाचं?"

"जागेचं!" कंडक्टरही काही कमी नव्हता. त्याने पोत्याच्या तोंडातून चिमूटभर लाह्या काढल्या, तोंडात टाकल्या, आणि लगेच खिडकीतून थुंकला. "अरे, ये तो रेती है! खोटं बोलून राहिले?"

"दगड हाय म्हनून सांगितलं असतं त तुमी दगडाचं भाडं लावलं असतं!"

सगळी गाडी हसली. भाडे मात्र जागेचे लागलेच आणि मामांनी ते मुकाट दिले. "बराबर हाय त्याचं," मला म्हणाले. "जागा त खाते ही."

त्या पोत्यातल्या सूपभर लाह्या अक्कांच्या घरात डब्यात पडून राहिल्या. मामा मुंबईला परत गेल्यावर पंचमीला अक्कांच्या जावेने त्याच नेऊन वारुळाला वाहिल्या. बायका घाबरल्या, आता नागोबा कोपणार. अक्का म्हणाल्या, "नागोबा तरी खऱ्या लाह्या कुठं खाते?"

सुट्टीत मामांचा आणखी एक उद्योग असे. फिरताना वेगवेगळे दगड खिशात भरायचे आणि लोहाराच्या भात्याजवळ जाऊन जाळात टाकायचे. आपलेही डोंगर ज्वालामुखीचेच, तेव्हा एखादा तरी दगड फुलेल, ही आशा. फुलला एकही नाही. काही तडकले, एक असा फुटला की लोहाराच्या धोतराला भोक पडले. "मामा, आता दगड घेऊन आलात त तुमालाच भट्टीत घालतो," तो म्हणाला. मामांना वाईट वाटले नाही. म्हणाले, "इथला दगड इमानदार हाय. फुगत न्हाई."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पंचमीच्या त्या लाह्यांवरून बोलणे निघाले, तेव्हा मी त्यांना माझी अडचण सांगितली. मामा उठून उभेच राहिले. "बर्फाचं मला सांगता, शिस्टर? जिच्यात हवेचं पानी तापत न्हाई, तिच्यात तुमचा बर्फ काय मरते?"

चहाची दोन खोकी आणली. लहान खोके मोठ्यात बसवले, मधल्या वीतभर जागेत पोत्यातल्या उरलेल्या लाह्या ठोकून ठोकून भरल्या. डॉक्टर पेटी पाहून हसले नाहीत. म्हणाले, "मे महिन्याच्या उन्हात वाडीपर्यंत नेऊन उघडा. बर्फ उरला तर वाडीची तारीख मी लावतो. नाही उरला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

पेटी मामांच्या डोक्यावर, मागे मी. वाडीत सगळे जमले होते. मामांनी झाकण काढले. आत पाणी होते. नुसते पाणी, आणि तेही कोमट.

कोणीतरी मागून म्हणाले, "मामा, हवेचं पानी झालं का हो?"

एरवी मामांनी परत टोला दिला असता. त्या दिवशी ते पेटीशी खाली वाकले. हसणाऱ्यांना ती थट्टा होती, पण लेकरे काखेत घेऊन उभ्या असलेल्या बाया हसत नव्हत्या. डॉक्टरांची अट त्यांना माहीत होती; विषय बंद होणार हे कळले होते. मामांनी दोन खोक्यांच्या मधे हात घातला. लाह्यांचा चिखल झाला होता. बर्फाचे पाणी फळ्यांच्या फटीतून त्यांच्यात झिरपले होते.

अक्का पुढे आल्या, चिमूटभर चिखल बोटांत घेतला आणि भावावर ओरडल्या, "वल्ल्या लाह्या कोन खाते रे? साधी ज्वारीची लाही बी आमी झाकनाच्या डब्यात ठेवतो!"

मामांनी कपाळावर हात मारला. "कारखान्यात थेंब लागू देत न्हाई आमी. इथं म्या इसरलो."

"झाकणही नुसते फळकूट आहे," मी म्हणाले. "ऊन तर वरूनच लागते. झाकणातही लाह्या पाहिजेत." आणि तिथेच बसून काय काय लागेल त्याची यादी केली: लाह्या कोरड्या कोंडायला रॉकेलच्या डब्यांचे पत्रे, ते सांधायला झाळकाम करणारा माणूस, झाकणाच्या कडेला सायकलची जुनी ट्यूब. डॉक्टरांना आणखी एक संधी द्यायला मीच जाऊन सांगितले. पेटी कशामुळे फसली ते नेमके सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "कारण सापडले असेल तर पुन्हा करून बघू. मी स्वतः येतो."

ओल्या लाह्या अक्कांच्या अंगणात वाळत घातल्या. वारा सुटला की त्या उडायला लागत. अक्कांनी वर लुगडे पसरले आणि चारी कोपऱ्यांवर गोटे ठेवले. दगड उडू नयेत म्हणून दगड! मामा जाता-येता लुगडे उचलून लाह्या चोळून पाहत. रजा संपत आली होती.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर पँट दुमडून आमच्याबरोबर ओढा उतरले. वाटेत लोक म्हणत, "मामा, दाखवा त." मामा थांबले नाहीत. वाडीत पेटी खाली ठेवताना ती थोडी कलंडली आणि आतून खडखड आवाज आला.

पाण्याचा असा आवाज होत नाही. झाकण काढण्याच्या आधीच सगळ्यांना कळले. डॉक्टरांनी हात घालून मुठीएवढा बर्फाचा खडा काढला आणि मामांच्या हातावर ठेवला. मामांनी तो आपल्या बिनभुवयांच्या कपाळाला लावला आणि तसेच उभे राहिले. पाणी गालांवरून खाली येत होते. ते सगळे बर्फाचेच होते असे मी म्हणणार नाही.

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "यादी तयार आहे ना?"

यादी तयारच होती. पहिल्या सुईला मामा हजर होते. पेटीजवळ बसून दर वेळी ते झाकण पटकन लावत आणि बायांवर खेकसत, "उघडं ठेवू नका, भट्टी न्हाई ती!" लेकरांच्या रडण्याने अंगण भरून गेले होते. शेवटचे लेकरू झाल्यावर मी पेटी पुसत होते, तेव्हा मामा हळू आवाजात म्हणाले, "ही पेटी म्या लई उशिरा केली, शिस्टर." मी यादी काढून वाडीच्या नावापुढची कोरी जागा भरली.

दुसऱ्या दिवशी ते मुंबईला गेले. पुढच्या सुया मी त्याच पेटीतून दिल्या. काही वर्षे पेटी माझ्याबरोबर हिंडली, मग सरकारी थंड डबे आले आणि ती माझ्या खोलीत कोपऱ्यात बसली. मामा निवृत्त होऊन वाडीत राहायला आले. थापामामा हे नाव तोवर विसरले गेले होते. ते माझ्याकडे आले की पेटीवर बसत आणि टिचकी मारून आवाज ऐकत. "कोरड्या हायेत अजून," म्हणत.

सत्तरचे दशक संपत आले असताना एका सकाळी ते झोपेतच गेले. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला वाजतगाजत नेतात आणि पुढे लाह्या उधळतात. अक्कांनी निरोप पाठवला: पेटी घेऊन या. मी पेटी नेली. पत्रा उचकटला तेव्हा लाह्या पहिल्या दिवशीसारख्या पांढऱ्या होत्या. मी आधी सगळ्यांना नाकाला पदर आणि रुमाल लावायला सांगितले, कारण ही धूळ छातीत जाऊ नये. मग सुपे भरून दिली. त्या पेटीतली सुई घेतलेली लेकरे आता हाताशी आलेली, तीच पुढे चालून उधळू लागली. लाह्या लगेच खाली पडत नव्हत्या. वाऱ्यावर तरंगत, खांदेकऱ्यांच्या टोप्यांवर बसत होत्या. "मामा लई हलके लागून राहिले," एक खांदेकरी म्हणाला.

बायका ओढ्यापर्यंतच जातात. आम्ही काठावर थांबलो. माणसे पाण्यात उतरली आणि लेकरांनी उरलेली सुपे ओढ्यावर उधळली. अक्का माझा हात धरून वाकून पाहत होत्या. मग वळून सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाहा गं, कोन म्हनत व्हतं थापाड्या? दगड तरंगून राहिले."

ओढ्याच्या वळणापर्यंत ते पांढरे दाणे दिसत होते. एकही बुडाला नाही.