पाचव्या खोलीतलं मत

शंका घेऊन कुणी टेबलाशी आलं की सर आधी स्वतःच्या पेनाला टोपण लावत, पेन वहीपासून वीतभर लांब ठेवत आणि मग म्हणत, "उत्तर राहू दे. अडकलीस कुठं ते सांग." समोर मुलगा असला तर 'अडकलास', बाकी वाक्य तेच. उत्तरं सांगण्यासाठी पगार घेणारा माणूस उत्तराला इतका टाळतो, हे मला पहिल्या महिन्यात विसंगत वाटलं. नंतर लक्षात आलं की अडकण्याची जागा नेमकी सांगता सांगताच निम्मी मुलं "हां हां, कळलं सर" म्हणून वळत. राहिलेल्या निम्म्यांसाठी सर पेनाचं टोपण काढत.

नांदेड-लातूरच्या खासगी शिकवणी वर्गांत तुमचं येणं-जाणं असेल तर असे 'डाउट सर' तुम्हीही पाहिले असतील. चौकातल्या फलकांवर त्यांचे फोटो नसतात. मोठे सर शिकवून गाडीत बसले की उरलेला वर्ग यांच्या टेबलावर येतो. आमचे सर भौतिकशास्त्राचे होते. तिशी ओलांडलेले, किडकिडीत, लातूर जिल्ह्यातले. त्यांच्या घरच्यांविषयी कुणाला काही माहीत नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. त्या इमारतीत प्रत्येक जण कुठल्या तरी परीक्षेच्या वाटेवर होता.

मीही होते. संख्याशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर बाहेरच्या मोठ्या संस्थेत प्रवेश मिळवायचा, आणि तोपर्यंत एक वर्ष या वर्गात परीक्षांचं विश्लेषण करायचं, असं माझं नियोजन होतं. भोकरहून सकाळच्या गाडीनं नांदेडला येत असे. दर रविवारी चाचणी. दुपारी उत्तरपत्रिका यंत्रातून जायच्या आणि संध्याकाळी भिंतीवर तक्ता लागायचा. दोन नियम पक्के होते. गोल न भरलेली उत्तरपत्रिका अवैध. ती वेगळ्या खोक्यात. आणि जो प्रश्न एकालाही सुटला नाही, तो सदोष समजून रद्द. मात्र एकानं जरी सोडवला असेल, तर मोठे सर कितीही चिडले तरी तो प्रश्न राहायचा. "एकाला सुटला ना? मग प्रश्न जिवंत आहे," असं आमचे सर म्हणत.

यंत्र चालू असताना शंकांचं टेबल रिकामं असे. त्या वेळात सर संगणकावर एक खेळ बनवत होते. एकट्यानं, तीन वर्षं.

परग्रहावरचं एक संशोधन केंद्र. माणसं निघून गेलेली, दिवे चालू. खेळणारा स्वतः पडद्यावर दिसत नाही. त्याच्या डोळ्यांना जे दिसेल तेवढंच आपल्याला दिसतं. एकामागून एक सात खोल्या, प्रत्येक खोलीत एक कोडं. एका खोलीत आरशांनी किरण वळवून दाराच्या कुलपावर पाडायचा. दुसऱ्या खोलीत कळ दाबली की गुरुत्वाकर्षण छताकडे जातं आणि आपण दिव्यांवर चालू लागतो. भौतिकशास्त्र चोख होतं. किरणाचा कोन चुकला तर दार खरोखरच उघडत नसे.

वर्षाच्या शेवटी सरांनी मला गाठलं. "खेळ झालाय. मतं हवीत. पोरांची खरी मतं. विश्लेषण तू कर."

मी लगेच होकार दिला. प्रवेशाच्या अर्जाला जोडायला एक स्वतंत्र प्रकल्प हवाच होता. मी फॉर्म तयार केला: प्रत्येक खोलीसाठी पाच तारे, खोलीत घालवलेला वेळ, शेवटी मतासाठी दोन ओळी. खेळामागची कल्पना वरच्या बाजूला थोडक्यात लिहू का, असं मी विचारलं.

"नको," सर म्हणाले. "कारण सांगितलं की मत बिघडतं."

शास्त्रीयदृष्ट्या हे बिनचूक होतं. मी पुढे काही विचारलं नाही.

रविवारमागून रविवार मुलं खेळली, आणि तीन वर्षं कुणी सरांना विचारलं नव्हतं ते सगळं आता विचारू लागली.

"सर, बंदूक कुठंय?"

"नाही."

"मग मारायचं कुणाला?"

"कुणालाच नाही. दार उघडायचं."

"निगेटिव्ह मार्किंग आहे का सर?"

अर्धापूरची एक मुलगी आरशांच्या खोलीत इतकी रमली की तिची उत्तरपत्रिका यंत्रातून जाऊन आली तरी तिला कळलं नाही. एकानं लिहिलं, 'दार उघडतानाचा आवाज आमच्या दुकानाच्या शटरसारखा आहे.' सर ते वाचून हसले आणि म्हणाले, "शटरचाच आहे. खालच्या झेरॉक्सवाल्याचा." वर्गात पहिला येणाऱ्यानं लिहिलं, 'पर्याय दिले असते तर लवकर झालं असतं.'

तक्रार होती ती पाचव्या खोलीची.

पाचव्या खोलीत काहीच नव्हतं. दार मागून बंद होई, दिवा जाई, पडदा काळा. कानांत फक्त आवाज: लांब कुठंतरी कुणी भिंतीवर ठोकल्यासारखा, मधूनच खरवडल्यासारखा. बटणं दाबून हललं की आवाज थांबे आणि थोड्या वेळानं आणखी लांबून सुरू होई. 'हँग झाला', 'पाचवी खोली अपूर्ण', 'काय करायचं ते सांगा, खामखा बसवलं', 'पाचवीत आवाज येतो, दुरुस्त करा'. हुशार मुलं सर्वांत आधी उठत. मी स्वतः तिसऱ्या मिनिटाला कळफलक सरकवून दिला आणि 'तांत्रिक दोष' असं लिहिलं. ज्यांना तिथं अडकायला होई त्यांच्यासाठी सरांनी थेट सहाव्या खोलीत जायची कळ ठेवली होती. सगळे तीच वापरत.

मुलं खेळत असताना सर पाठीमागे उभे राहत. पाचवी खोली आली की मात्र ते पडद्याऐवजी खेळणाऱ्याच्या बोटांकडे बघत. हे मी तेव्हा पाहिलं होतं. त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची, हे मला कळलं नव्हतं.

शेवटच्या रविवारी सर लातूरच्या शाखेत गेले होते. तक्ता माझा जवळपास पूर्ण झाला होता. मावशी कपबशा न्यायला आल्या. मावशी म्हणजे वर्गात झाडलोट आणि चहाचं बघणाऱ्या बाई, औश्याकडच्या, पन्नाशीच्या.

"ताई, सर समद्या पोरांना खेळवायलेत. मला बी बोलावलं हुतं, पर माझे हात कायम पाण्यात. आज बसू का?"

मी त्यांना खुर्ची दिली, कानावर हेडफोन चढवला. पहिल्या चार खोल्या मीच सोडवल्या; त्या नुसत्या पाहत होत्या.

"ह्या बाईला पाय न्हाईत का गं?"

"आहेत मावशी. दिसत नाहीत."

"मंग चप्पल घातली का न्हाई, कसं कळावं?"

पाचव्या खोलीत पडदा काळा झाला तेव्हा मी माझ्या तक्त्याकडे वळले. त्या मिनिटभरात उठतील असा माझा अंदाज होता. त्या उठल्या नाहीत. हात मांडीवर, मान किंचित कलती, डोळे मिटलेले. आवाज जवळ येत गेला असणार, कारण त्यांचे खांदे हळूहळू सैल होत गेले. अकरा मिनिटांनी पडद्यावर उजेडाची एक भेग पडली, ती रुंदावली, आणि दार उघडलं. ते दार उघडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"कसं कळलं तुम्हाला?"

"त्यात काय कळायचं? भाईर माणूस हाय. आपण हाललं की माती पडती, मंग त्याला ऐकू येत न्हाई आपण कुठं ते. गप बसायचं. उकरणारा थकतो, पर जात न्हाई." हेडफोन काढून त्यांनी तो पदरानं पुसला. "आमी न्हाई गेलो."

शेवटच्या वाक्याचा अर्थ मी विचारला नाही. फॉर्मवर मी शुद्ध भाषेत लिहिलं: 'खोलीत स्थिर राहावे लागते. बाहेरून मदत येत असते.' मग विचारलं, "पाचपैकी किती तारे?"

"मार्क द्यायला मी काय मास्तरीण हाय का?" कपबशा उचलून त्या गेल्या.

तारे न भरलेला फॉर्म. नियमाप्रमाणे अवैध. मी तो खोक्यात टाकला.

इथं मला नियमामागे लपता येणार नाही. तो फॉर्म धरला असता तर तक्त्याचा निष्कर्ष बदलला असता, आणि अर्जाची मुदत परवावर आली होती. हे एक कारण. दुसरं कारण असं, की जिथून मी तिसऱ्या मिनिटाला उठले, तिथं झाडणारी बाई अकरा मिनिटं बसून पार झाली, हे मला झोंबलं होतं.

सोमवारी सरांनी तक्ता शांतपणे वाचला. पाचव्या खोलीसमोर मी लिहिलं होतं: 'सुटलेले: शून्य. शिफारस: रद्द.'

"कुणी थांबलंच नाही?"

"नाही सर."

"एखादा तरी? फॉर्म भरला नसेल, पण थांबला असेल?"

त्यांनी मला वाटच करून दिली होती. खोकं माझ्या पायापाशी होतं.

"कुणीच नाही, सर."

"बरं." ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. "मग ठेवण्यात अर्थ नाही."

दोन दिवसांत त्यांनी ती खोली काढली. सहावीला पाचवी केलं, सातवीला सहावी. पुढच्या महिन्यात खेळ इंटरनेटवर गेला. मतं बरी आली. 'सुटसुटीत', 'आरसे छान', 'एका बैठकीत संपतो'. एकानं लिहिलं होतं, 'चांगला आहे, पण बनवणाऱ्याला काय सांगायचं होतं ते कळलं नाही.' सरांनी ते मला वाचून दाखवलं. "बरोबर पकडलं यानं," म्हणाले, आणि पुढच्या शंकेकडे वळले.

मला प्रवेश मिळाला. मुलाखतीत माझ्या प्रकल्पाचं कौतुक झालं. निर्णय आकड्यांवर घेतला, भावनेवर नाही, म्हणून. मी नम्रपणे आभार मानले.

दोन वर्षांनी नांदेडच्या स्टेशनवर लातूर शाखेच्या रसायनशास्त्राच्या मॅडम भेटल्या. सर कसे आहेत, असं मी सहज विचारलं. वर्ग सोडून ते गावाकडच्या शाळेत शिकवायला गेले होते. "त्यांना असंच शांत काही तरी हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "भूकंपात दगडाखालून काढलेलं पोर ते. तुला माहीत नाही? नऊ वर्षांचे होते. सकाळपासून कोण कोण बाहेरून ठोकत, उकरत होते. दुपारी काढलं. कुणी काढलं, तेही त्यांना माहीत नाही. एकदाच बोलले होते माझ्यापाशी."

गाडी आली. मॅडम गेल्या. मी फलाटावर बसून राहिले.

कच्ची माहिती फेकायची नाही, ही माझी शिस्त. अवैध फॉर्म माझ्या फायलीत होता. मी नांदेडच्या वर्गात फोन करून मावशींची चौकशी केली. मागच्या उन्हाळ्यात त्या वारल्या होत्या, औश्याला, लेकीकडे.

तीन वर्षं ती दोघं एका इमारतीत होती. मावशी रोज दोनदा त्यांच्या टेबलावर चहा ठेवत आणि सर रोज दोनदा म्हणत, "ठेवा मावशी." एक जण आत होता, एक जण बाहेर होती, त्याच दगडांपाशी की दुसऱ्या, ते आता ठरवता येणार नाही. त्या दोघांना एकमेकांना काही विचारता आलं असतं, ते त्या एका कागदावरून. आणि तो माझ्या खोक्यात होता.

मी लातूरला गेले, तिथून जीपनं त्यांच्या शाळेत. पत्र्याची लांब इमारत, पुढे ओटा. सर बाहेर आले. केस पांढरे झाले होते. "अरे! तू?" एवढंच म्हणाले. मी फॉर्म पुढे केला आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. कधी, कोण, किती मिनिटं, मी काय लिहिलं, काय लिहिलं नाही. मावशींची वाक्यं त्यांच्याच बोलीत सांगितली. मला ती एकही विसरता आली नव्हती.

सरांनी फॉर्म दोनदा वाचला.

"मावशी आता कुठं असतात?"

तेही सांगितलं.

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "नियमानं फॉर्म अवैधच होता."

"तुम्ही विचारलं होतं, सर. मी खोटं बोलले."

"हो," ते म्हणाले. "तसं झालं."

घंटा झाली. "सातवीचा तास आहे. बस तू," म्हणून ते वर्गात गेले, फॉर्म खिशात होता. मी ओट्यावर बसले. आता शिकवण्याचा आवाज येईल म्हणून वाट पाहत होते. आला नाही. पाऊण तास आतून कुणाचाच आवाज आला नाही. मला वाटलं, वर्ग मैदानावर नेला असेल.

पुन्हा घंटा झाली तेव्हा मुलं बाहेर पडली. सर त्यांच्यात नव्हते. पलीकडच्या दारानं ते गेले होते, रस्त्याकडे. लाल रिबिनी बांधलेल्या एका मुलीला मी थांबवलं.

"आज काय शिकवलं सरांनी?"

"काहीच न्हाई. म्हणले, जरा गप बसू."

"मग?"

"बसलो की."

"सगळा तास?"

"हां. सर बी बसले, डोळे मिटून." तिनं दप्तर खांद्यावर नीट केलं. "पहिल्यांदा हसू यायलं होतं. मंग न्हाई आलं. पर कुणीबी उठलं न्हाई."