नर्सरीच्या ऑर्डरींसाठी फ्रेमवर्क

माझ्या भावजयीची नार्नूरकडे भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. मी आदिलाबादला घरूनच वेबसाइट बनवते, त्यामुळे तिच्या ऑर्डरी घेणारं पान माझ्याकडे आलं. ते मी एका लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात केलं. लायब्ररी पडद्यावर दिसणारं तेवढं सांभाळते. बाकीचं आपण जुळवायचं. मला तेच आवडतं. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा अख्खा तयार सांगाडा; त्यात बरंच काही आधी ठरलेलं असतं, आणि दुसऱ्यानं ठरवलेलं मला सहसा पटत नाही.

पण आमच्याकडे फॉर्म कोणी एकट्यानं भरत नाही. काका भरतात आणि 'बरोबर आहे का पाह्य' म्हणून लिंक पुतण्याला पाठवतात. माझ्या सगळ्या पानांचा वेबवरचा पत्ता एकच, फॉर्म कोरा असो की भरलेला. पुतण्याकडे कोरा फॉर्म उघडायचा, तो स्वतःच्या नंबरावरून सगळं परत भरायचा. एका शेताच्या दोन ऑर्डरी. मिरचीचे ट्रे उरले तेव्हा हे कळलं.

"ताई, अर्धा शेड भरून रोपं उभी हायेत. कोणाले देऊ?" भावजयीचा फोन.

"लोक दोनदा भरतात, त्याला मी काय करू?"

"लोक असेच हायेत. तुमी पान बदला. आठ दिवसांनी टमाट्याचं बी टाकाचं हाये. आकडा खरा पाह्यजे."

दोन वाटा होत्या. लायब्ररीला वेगळ्या पत्त्यांसाठी कोडचा एक तुकडा जोडायचा, सर्व्हरसाठी दुसरा, माहिती साठवायला तिसरा. नाहीतर हे सगळं एकत्र देणारं फ्रेमवर्क घ्यायचं. दोन दिवस मी तुकडेच जोडले. तिसऱ्या सकाळी त्यांचं आपसात जमेना, तेव्हा उठले, पोळ्या लाटल्या आणि फ्रेमवर्क उतरवून घेतलं. माझे पडद्यावरचे भाग त्यात जवळजवळ तसेच बसले. सातव्या दिवशी प्रत्येक ऑर्डरीला स्वतःचा पत्ता होता. पुतण्यानं लिंक उघडली की काकांचीच ऑर्डर दिसायची. चूक असेल तर तिथंच दुरुस्त करायची. दुसऱ्यानं ठरवलेलं काही वेळा बरं असतं, एवढं मी मान्य करते.

एका शेताची एकच ऑर्डर धरून जो आकडा आला, त्यावर भावजयीनं बी टाकलं. रोपं न्यायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. दुपारपर्यंत शेड रिकामा झाला.

"एक बी ट्रे उरला नाही ना," ती म्हणाली. "मले परसात लावाले काई ठेवलं नाही तुमी."

"ऑर्डर टाकायची होतीस," मी म्हटलं.