सकाराची धार

मेश्रामसाहेबांकडे गाणे ऐकायला गेलेल्या माणसाला बराच वेळ गाणे ऐकायलाच मिळत नसे. स्पूल टेपरेकॉर्डरची फीत ज्या धातूच्या हेडला घासून सरकते, ते हेड ते प्रथम स्पिरिटच्या बोळ्याने पुसत. मग चुंबकत्व उतरवणारी कांडी त्याच्याजवळ नेऊन अतिशय सावकाश दूर आणीत. त्यानंतर एकच अखंड सूर भरलेली प्रमाण-फीत लावून, पेचकसाने हेडचा स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करीत, आवाज मोजणारे दोन्ही काटे जागेवर येईपर्यंत बसून राहत. शेवटी स्क्रू हलू नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका ठेवीत. ती बाटली त्यांच्या दिवंगत पत्नीची, शांताबाईंची होती; सुकत आली की थिनर घालून ते ती पातळ करीत. आचमनावाचून पूजेस न बसणाऱ्या मला ही पूर्वतयारी कधी जड वाटली नाही.

कोराडीच्या वीज केंद्रात मोजमापाची उपकरणे सांभाळण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर ते आमच्या शेजारी राहायला आले. मी पाठशाळेत संस्कृत शिकवलेला कर्मठ माणूस. त्यांच्या बैठकीत बुद्धमूर्ती आणि तिच्याखाली ही यंत्रे. आमचे सख्य जुळले ते कानामुळे. "मंत्र चुकला तं तुमचा देव कोपते म्हनता," ते मला चिडवीत. "माही मशीन कोपत नाही जी. नुस्ता काटा हालवते. बाकी मानसानं समजून घ्यावं."

शांताबाईंच्या ओव्यांची एक फीत त्यांच्यापाशी होती. नव्या संसारात, कोराडीच्या क्वार्टरमध्ये, कोणाकडून तरी घेतलेल्या जुन्या यंत्रावर त्यांनी ती भरली होती. हेड सरळ करण्याची विद्या त्यांना तेव्हा अवगत नव्हती. हेड कलते राहिले आणि आवाज तसाच कलता उमटला. आताच्या सरळ हेडवर ती फीत लावली की बाई गोधडीच्या आडून गात आहेत असे वाटे. स्वर कळे, पण सकाराची, शकाराची धार पार गेलेली असे. वास्तविक फितीवर आवाज पूर्ण होता. तो मोकळा व्हायचा तर आजचे हेडही तेवढेच कलते करायला हवे होते.

मी एकदा तसे सुचवले. त्यांनी चष्मा काढून पुसला. शहरातले लोक आपापल्या फिती घेऊन याच यंत्रापाशी येत, कारण ते खरे आहे असा त्यांचा विश्वास होता. "मशीन एकदा खोटी केली," ते म्हणाले, "तं मंग खरी कोन्ती, हे कोन सांगन?" तत्त्व कोणाचेही असो, ते पाळणाऱ्यापुढे मी मान लववतो. पण वीज केंद्रातल्या रात्रंदिवस घरघरणाऱ्या टर्बाइनांनी त्यांच्या कानांतून काय काय नेले होते, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

ते कळले डॉक्टरांकडून. बोलणे कळत होते, पण बारीक, धारदार ध्वनी कानांतून गेले होते आणि उरलेलेही जाणार होते. कानात घालायचे यंत्र आणले, तर जग पत्र्याच्या डब्यातून ऐकू येते म्हणून त्यांनी ते काढून ठेवले. आठवडाभर ते कोणाकडे गेले नाहीत. मग एका सकाळी स्वतः मला बोलवायला आले.

"गान्यावर काटा ठरत नाही, शास्त्रीजी. त्याले कानच लागते. तुमच्याजवळ हाय."

त्यांनी स्क्रूवरचा लाल ठिपका खरवडला. पेचकस धरलेल्या हाताचे मनगट त्यांनी दुसऱ्या हाताने आवळून धरले. ओवी सुरू झाली. ते स्क्रू कणाकणाने फिरवीत आणि माझ्याकडे पाहत. मी मान हलवून नाही म्हणे. आणि मग, जसे कोणी खिडकीचे दार लोटावे, तशी सांजवेळेची ती ओवी उघडी झाली. सकार दातांच्या कडेला लख्ख वाजला. ओळ संपताना बाईंनी घेतलेला श्वासही मी ऐकला. त्या आमच्यात, खोलीत, बसल्या होत्या.

"स आला का जी?"

"आला."

त्यांनी पेचकस खाली ठेवला आणि स्पीकरच्या कापडावर तळहात टेकला. ओवी संपेपर्यंत हात तिथेच होता.

"मले तं तेच गोधडीतलं ऐकू येऊन राहिलं," ते म्हणाले. "आता हेड नाही जी, कानच वाकडे झाले."

त्यानंतर त्यांनी हेड पुन्हा सरळ केले नाही. फिती घेऊन येणाऱ्यांना, यंत्र आता बरोबर नाही, असे सांगून ते परत पाठवीत. मी गेलो की मात्र ओव्यांची फीत लावीत आणि समोर बसत. त्यांचे लक्ष यंत्राकडे नसे. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत. कोणत्या ओळीला माझे डोळे मिटतात, कुठे भुवई उचलली जाते, एवढ्यावरून पत्नीचा आवाज ते जुळवून घेत असावेत. चेहऱ्यावर ऐकले तेवढेच उमटू देणे हे मला व्रतासारखे वाटू लागले.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. मुलाच्या घरी जागा नव्हती. त्याने यंत्र आणि ती फीत माझ्याकडे ठेवली. पूजा आटोपली की कधीमधी मी ओव्या लावतो.

अलीकडे सकार जरा बोथट येतो आहे. हेड सरकले असेल, फीत झिजली असेल, किंवा माझेही कान जायला निघाले असतील. यांतले काय खरे, हे मला सांगता येत नाही. मेश्रामसाहेबांनी माझ्या चेहऱ्याकडे नुसते पाहून ते ओळखले असते.