टाचेखालची पाचर

आमच्या घरात चमत्कार मानत नाहीत. वडिलांनी वंदना शिकवली तशी शंका घ्यायलाही शिकवलं. म्हणून हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. जे पुस्तकात सापडत नाही, त्याच्यापुढे मी गोंधळतो.

माझी मुलगी सुजाता अकरा वर्षांची असताना तिच्या गुडघ्याजवळच्या हाडात कॅन्सर निघाला. नागपूरला मांडीपासून पाय काढावा लागला. केमो संपल्यावर कृत्रिम पाय बसवला. दोन दांड्यांच्या मधून चालायला ती महिनाभर शिकत होती. मनात तिच्या एकच होतं, पौर्णिमेला विहारात आपल्या पायांनी जाऊन फुलं वाहायची. आजारपणात मी तिला उचलून नेत असे. तेव्हा बाया हळहळायच्या आणि ती माझ्या खांद्यात तोंड लपवायची.

पाय बसवणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं, याच बुटावर पाय जुळवला आहे, बूट बदलू नका. मी ते वहीत लिहूनही घेतलं. पण विहाराच्या दारात पायातलं काढायचं, हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्या सूचनेचा याच्याशी काही संबंध असेल, असं मनातही आलं नाही. पौर्णिमेच्या सकाळी तिचे दोन्ही बूट मीच वाकून काढले.

पहिल्याच पावलाला ती मागे गेली. मी सावरलं. दुसऱ्यांदा पाऊल टेकवलं, पुन्हा तेच. महिनाभराचं शिकणं कुठे गेलं, मला कळेना. आजार परत आला की काय, ही भीती मी तोंडावर येऊ दिली नाही. ती मात्र हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "बाबा, माहा नवा पाय आत यायले नाई म्हणते." तिच्या हातात कण्हेरीची फुलं होती. मी तिला उचलायला वाकलो, तेव्हा तिने मान फिरवली. ती मान मला आजही दिसते.

पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गोंडपिपरीकडून पाहुणे आलेले, जन्मभर सुतारकाम केलेले, एवढंच पुढे त्यांच्या बोलण्यातून कळलं. ते माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "सर, बुटाची टाच काढून घेतली तुमी. मंग पोर मांगं नाई जाईन तं कुठी जाईन?"

त्यांनी खिशातला चाकू काढला, स्वतःच्या रबरी चपलेची टाच कापली आणि तिला तिरपा उतार दिला. पलंगाचा पाय जमिनीला टेकत नसला की पाचर लावतात, तसंच हे, म्हणाले. सुजाताच्या नव्या पायाच्या मोज्यात टाचेखाली ती सरकवली, उभं करून पाहिलं, काढून थोडी तासली, पुन्हा सरकवली. तुमच्या चपलेचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "माह्या पायाले समजते जी खालीवर."

ती सरळ उभी राहिली. मी तिचा दंड घट्ट धरला होता.

"आता हात सोडा तिचा," ते म्हणाले. "तुमी धरून राह्यले, म्हणून तिले आपला तोल समजून नाई राह्यला."

मी हात सोडला. आयुष्यात इतकं अवघड दुसरं काही केलं नाही, असं तेव्हा वाटलं होतं. ती नऊ पावलं चालली. मूर्तीपुढे फुलं ठेवली आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

वंदना संपल्यावर मी त्यांना शोधलं. ते निघून गेले होते. पुढच्या कित्येक पौर्णिमांना दारातल्या चपलांमध्ये मी कापलेल्या टाचेची चप्पल पाहत राहिलो. नागपूरच्या मॅडमनी नंतर पाय अनवाणी चालण्यासाठी जुळवून दिला; पाचर हातात घेऊन म्हणाल्या, ज्याने केली त्याला तोल कळतो.

सुजाता त्यानंतर वर्षभर विहारात चालत आली. मग आजार फुप्फुसांत उतरला. शेवटच्या दिवसांतही मी तिचा दंड धरून बसत असे. एका दुपारी तिचा श्वास फार जड झाला, तेव्हा मला त्या पायरीची आठवण आली आणि माझी पकड आपोआप सैल झाली. मी हात फक्त उघडा ठेवला. त्यावर तिने आपला हात ठेवला आणि तशीच गेली.

ते गृहस्थ कोण होते, हे आता मी शोधत नाही. ते आले, याची कृतज्ञता पुरते. शरण जाणं म्हणजे काय, हे मी अनेक पुस्तकांत वाचलं होतं. कळलं ते त्या पायरीवर. ती पाचर माझ्या टेबलाच्या खणात आहे. पौर्णिमेला चपला काढून मी पायरीवर क्षणभर थांबतो. उजव्या हाताला तिचा दंड अजून हवा असतो. तो हात मी तसाच उघडा ठेवतो, आणि आत जातो.