गरम झाली की बंद पडणारी जीप

दोन हजार चार साली बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. काल्हेरच्या आमच्या घरासमोर त्यांची जुनी पेट्रोल जीप उभी असायची. लष्कराच्या लिलावातून आणलेली ही गाडी तीस वर्षं त्यांनीच दुरुस्त केली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्यांना व्यायामासाठी दर आठवड्याला ठाण्याला न्यायचं होतं. उजवा पाय दुमडत नव्हता, रिक्षात बसवता येईना, म्हणून जीप मी चालवायला घेतली.

पहिल्याच फेरीला ती कशेळीच्या पुलावर बंद पडली. मागे ट्रकांची रांग, हॉर्न, आणि शेजारी बाबा मान खाली घालून. अर्ध्या तासाने आपसूक चालू झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. थंड असताना लगेच चालू व्हायची, गरम झाली की मरायची.

गॅरेजवाले इतक्या जुन्या गाडीला हात लावेनात. बाबांच्या ओळखीचे मिस्त्री चाचा गावी गेलेले. मी शाळेत शिकवणारी बाई, पण बाबांचं बघून थोडंफार येत होतं. प्लग काढून इंजिनाला टेकवले, आईला स्टार्टर मारायला लावला. ठिणगी पडत होती, पण फिकट, पिवळट. प्लग नवे घातले, पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला. दहा मिनिटं चालली आणि अंगणातच बंद पडली.

बाबा ओट्यावरून बघत होते. भिंत धरत धरत आले आणि डावा हात बॉनेटखाली घालून प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर दाबून धरला. तोंडातून नुसतं "हा... हा..." निघत होतं. तळहात भाजत होता तरी काढेनात. मी तो ओढून काढला.

"बाबा, तुम्हाला आता यातलं काय कळत न्हाय. गप बसा."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत फिरले. त्या दिवशी जेवले नाहीत.

मग मी पेट्रोलची टाकी धुतली, नळ्या फुंकल्या, पंप उघडला. आज होईल, उद्या होईल म्हणत दुसरी गाडी केलीच नाही. दीड महिना व्यायाम बुडाला. बाबांच्या उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच.

चाचा परतले तेव्हा त्यांनी जीप बंद पडेपर्यंत चालवली आणि कॉइलला हात लावला.

"कॉइल गेली हाय, बेटी. तापली की आतली तार सुटते. हे तुझ्या बापानंच मला शिकवलं. त्याला नाही विचारलंस?"

कॉइल बदलायला पंधरा मिनिटं लागली.

ठाण्याच्या डॉक्टरांनी मूठ उघडून बघितली आणि फार उशीर झाल्याचं सांगितलं. घरी येऊन मी बाबांपुढे बसले, कॉइलचं सांगितलं, तुमचंच बरोबर होतं म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना कळलं का, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. दोन वर्षांनी ते गेले. मधल्या काळात त्यांनी पुन्हा कधीच मला काही दाखवायचा प्रयत्न केला नाही.