पेटीतले खोकले

सबंध परभणी जिल्ह्यात खोकल्यावरून माणूस ओळखणारा एकच इसम होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या अक्काच्या वाट्याला आला. आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, सेलूच्या एका दवाखान्यात रक्त आणि थुंकी तपासायचे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसणारा हा माणूस दवाखान्याबाहेर पडला की कानाने जगायचा. पंगतीत कुणी खोकलं की दाजींच्या हातातला घास तिथंच थांबे, मान तिरकी होई, डोळे मिटत. मग ते शेजाऱ्याला सांगत, "हा सरकीच्या धुळीचा. भ्यायचं काम न्हाई." माझ्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना "मामा, आणखी एकदा खोकता का?" असं विचारलं होतं. सासरे बिचारे खोकले. तरीही माझं लग्न झालं, ही माझी पुण्याई.

दाजींचं म्हणणं असं, की क्षय थुंकीत दिसण्याआधी आवाजात शिरतो. तो आवाजातच पकडण्याची पद्धत बसवता आली, तर खेड्यातल्या माणसाला एक्स-रेसाठी परभणीची वाट धरायला नको. यासाठी त्यांनी एक टेपरेकॉर्डर आणला. कापसाच्या जिनिंग गिरणीला सुट्टी असे त्या दिवशी, भर दुपारी, सगळा मोहल्ला गप्प पडला की त्यांच्या बाहेरच्या खोलीत खोकल्यांची भरती सुरू व्हायची. आधी एक ते दहा आकडे म्हणायचे, घोटभर पाणी प्यायचं, मग तीनदा खोकायचं. अक्काला सक्त ताकीद होती, की या वेळात भांड्याचाही आवाज करायचा नाही. चारठाण्याकडचा एक मेंढपाळ म्हातारा आला, तो आकड्यांवर अडून बसला. "आकडे कशाला? मेंढरांची नावं घेतो की," म्हणाला, आणि चांदी, बोडकी, लंगडी अशी दहा नावं घेऊन खोकला. दाजींनी तेही चालवून घेतलं.

म्हातारा त्याच थंडीत गेला. महिनाभराने त्याची सून दारात उभी. मागे म्हाताऱ्याचं कुत्रं. "मामंजीचा आवाज तुमच्या पेटीत हाय म्हनत्यात. एकदा ऐकवा की." दाजींनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, कॅसेट शोधून लावली. "चांदी," म्हातारा बोलला. उंबऱ्यावर पेंगणारं कुत्रं उठलं, सरळ आत आलं आणि टेपरेकॉर्डरच्या मागे जाऊन हुंगू लागलं. तिथं कुणी नाही म्हटल्यावर ते आमच्या तोंडाकडे बघत राहिलं. मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले. सून मात्र पदर सावरून, सासऱ्यासमोर बसावं तशी, खाली बघत बसली होती.

तेव्हापासून माणसं येऊ लागली. "आमच्या आईचा खोकला हाय का वो तुमच्याकडं?" पाथरीचा एकजण तर चुलत्याला पेढा घेऊन आला आणि टेपरेकॉर्डरपुढं ठेवून गेला. ज्यांच्या तेराव्याचं आम्ही जेवलो ती माणसं भर दुपारी त्या खोलीत पाणी पिऊन घसा खाकरत. मला त्या पलंगावर बसायचीसुद्धा भीती वाटे. दाजी पेढा खाऊन म्हणत, "मास्तरीणबाई, भिता कशाला? नमुने हायत ते." मी शाळेत शिकवते म्हणून मेहुणीला त्यांनी दिलेलं हे नाव.

याच मास्तरीणबाईला त्यांनी कामाला जुंपलं होतं. बायका परपुरुषासमोर तोंड उघडून खोकेनात, म्हणून त्यांचे खोकले माझ्या घरी मी भरायचे. आकडे म्हणायलाही त्या लाजत, नुसत्या खोकत. कॅसेटवर फक्त नंबर, आणि कुठला नंबर कुणाचा ते माझ्या वहीत. दाजींची शिस्त अशी, की निदान लिहून होईपर्यंत नाव कळता कामा नये. "नाव कळलं की कान खोटं बोलतो," म्हणायचे. मी एकदा गंमत म्हणून एका मेंढीचा खोकला नंबर घालून दिला. दाजींनी तीनदा ऐकला आणि गंभीरपणे लिहिलं, 'या बाईस जंत असावेत.' मी आठवडाभर हसत होते. पुढे जनावरांच्या डॉक्टरने मेंढीला जंताचंच औषध दिलं, तेव्हा हसू थांबलं.

मग त्यांना तुलनेसाठी धडधाकट बायकांचे खोकले हवे झाले. तेरा मिळाल्या, चौदावी आलीच नाही. अक्का माझ्याकडे आली होती, तिला म्हटलं तूच खोक. पदर तोंडाशी धरून ती खोकली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा दाजी कागद समोर घेऊन बसले होते. तेरा जणींपुढे 'निरोगी' लिहिलेलं. "चौदा नंबर कोण हाय?" त्यांनी विचारलं. नाव विचारायची ही पहिलीच वेळ. "धडधाकट म्हनून कुणाला आणलंत? त्या बाईला आत्ताच्या आत्ता परभणीला न्यायला पायजे. घरात कुणाला कान न्हाईत का तिच्या?"

मी म्हटलं, "दाजी, ती अक्का आहे."

ते हसले. "मेंढी झाली, आता बायको का?" पण मी हसत नव्हते.

विद्यापीठ नामांतराच्या बंदमुळे एसट्या थांबलेल्या, म्हणून रेल्वेने गेलो. थुंकीत काही नव्हतं. एक्स-रेत डाग होता. दाजींची पद्धत त्या दिवशी पहिल्यांदा शंभर नंबरी खरी ठरली आणि त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

परत आल्यावर ते पेटी उघडून बसले. एकेक कॅसेट लावली. यावेळी ते खोकणाऱ्याला ऐकत नव्हते, त्याच्या मागे ऐकत होते. मीही ऐकलं. म्हाताऱ्याने "लंगडी" म्हटल्यावर, दूर स्वयंपाकघरात, पदरात दाबलेला एक खोकला. दुसऱ्या कॅसेटमध्येही तोच. पाथरीच्या चुलत्यामागेही तोच. गेलेली माणसं पुढे खोकत होती आणि त्यांच्या रांगेमागून अक्का. त्या खोलीत भरलेले दोन वर्षांचे नमुने, आणि ती प्रत्येकात होती. "चुलीच्या धुराचा म्हनायली ती," दाजी म्हणाले, "आन मी गप बस म्हनायलो." मग त्या माणसाने गुडघ्यात डोकं घातलं. आम्ही सगळेच तिला धुराचा म्हणत होतो, हे मी तेव्हा बोलले नाही. आजही त्याची लाज वाटते.

अक्का बरी झाली. कितीतरी महिने दाजींनी तिला रोजच्या गोळ्या स्वतःच्या हाताने दिल्या आणि तिने त्या गिळेपर्यंत समोरून हलले नाहीत. नवा खोकला मात्र त्यांनी पुन्हा भरला नाही. काही वर्षांनी ते गेले, झोपेत, एकदाही न खोकता.

पेटी अजून पलंगाखाली आहे. मी गेले की अक्का एकच कॅसेट लावते, पहिल्या नंबरची, दाजींनी तुलनेसाठी भरलेली स्वतःची. एक, दोन, तीन, दाजी शिस्तीत मोजतात. सात आणि आठच्या मध्ये, लांबून, तो खोकला येतो. दाजी क्षणभरही न थांबता आठ म्हणतात.

"बघ," अक्का दर वेळी म्हणते, "तवापासून सांगायले मी ह्यांना." आणि मग कॅसेट संपेपर्यंत ती भांड्याचाही आवाज करत नाही.